बिटकॉइन पाठवताना: फोनवर व्हीपीएन, की घरात स्वतःचा नोड?

आमच्याकडे जमिनीचा उतारा आता घरबसल्या दिसतो. सर्व्हे नंबर घातला की कर्नाटकच्या ‘भूमी’वर कुणाच्याही शेताचा कागद समोर येतो. बिटकॉइनची वही तशीच सगळ्यांना उघडी आहे, फक्त मालकाच्या रकान्यात नाव नाही. ते नाव चिकटतं उतारा मागायला कोण आलं यावरून. एकाच माणसानं पाच तुकड्यांचे उतारे एकदम मागितले, तर ते पाचही कुणाचे हे टेबलावरच्या कारकुनाला वेगळं सांगावं लागत नाही.

फोनवरची साधी वॉलेट, म्हणजे बिटकॉइन ठेवायची-पाठवायची ॲप, नेमकं हेच करतात. उघडलं की तुमच्या सगळ्या पत्त्यांची (वहीतल्या तुमच्या खात्यांची) चौकशी कुठल्यातरी परक्या सर्व्हरकडे करतात, आणि पैसे पाठवायचे झाले की तो व्यवहारही त्याच्याच हातात देतात. तुमचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा ठिकाणा, आणि तुमच्या पत्त्यांची अख्खी जुडी एका ठिकाणी जमा होते. हे टाळायचे दोन रस्ते मी वापरले: दीडेक वर्ष फोनवर व्हीपीएन, म्हणजे आपलं इंटरनेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून फिरवणारी सेवा, आणि त्यानंतर आजपर्यंत घरचा नोड, म्हणजे बिटकॉइनची अख्खी वही स्वतःजवळ ठेवणारा संगणक.

व्हीपीएनचं भलं आधी सांगतो. पाच मिनिटांत चालू होतं आणि फोन बदलला तरी अडत नाही. पण लपतो तो फक्त आयपी. पाच उतारे अजूनही एकत्रच मागितले जातात, खिडकीवर तुमच्याऐवजी दुसरा माणूस उभा राहतो एवढंच. आणि त्या दुसऱ्या माणसाला, म्हणजे व्हीपीएन कंपनीला, तुम्ही कोण ते पक्कं ठाऊक असतं. 2022 च्या एप्रिलमध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं, तेव्हा काहींनी भारतातले सर्व्हरच काढून टाकले. ‘आम्ही काही नोंद ठेवत नाही’ असं बहुतेक सगळ्याच म्हणतात. खरंही असेल, पण ते मी कसं तपासणार? त्या मानानं टोर हे फुकट जाळं बरं. तिथे तुमचा निरोप तीन टप्प्यांतून जातो, आणि कुणा एकाला तुम्ही कोण आणि कुठे निघालात हे दोन्ही कळत नाही.

तरीही मी तेवढ्यावर भागवलं असतं. बिघडलं ते बेळगावच्या खडे बाजारात. पाहुण्यांसाठी कुंदा घेतला, यूपीआयनं पैसे द्यायला गेलो तर ॲप म्हणतं, आधी व्हीपीएन बंद करा. मागे रांग, दुकानदार पिशवी धरून उभा. केलं बंद, दिले पैसे, आलो घरी. रात्री जेवताना फोन हातात घेतला तेव्हा वरच्या पट्टीत व्हीपीएनचं किल्लीचं चिन्ह नाही. आणि वॉलेटवर जोडणी चालू असल्याचा हिरवा ठिपका! म्हणजे संध्याकाळभर ते मागच्या मागे घरच्या ब्रॉडबँडवरून सर्व्हरशी बोलत बसलेलं, सगळ्या पत्त्यांसकट. दीड वर्ष पाळलेलं पथ्य पाव किलो कुंद्यात गेलं. बरं, अशा बाबतीत ‘एकदाच झालं’ याला अर्थ नसतो. जुडी आणि आयपी एकदा जुळले की जुळले.

कुणी म्हणेल, ठरावीक ॲप व्हीपीएनमधून वगळता येतात, शिवाय अँड्रॉइडमध्ये व्हीपीएन नसेल तर इंटरनेटच तोडायची सोय आहे. आहे, दोन्ही मी नंतर शिकलो. पण त्या मांडणीत काही चुकलं तर चुकल्याचं कळत नाही. सगळं नेहमीसारखं चालू राहतं, आणि मला खटकलं ते हेच.

आता नोड. जुन्या लॅपटॉपला एक टीबीचा एसएसडी लावला. पूर्ण साखळी, म्हणजे ती अख्खी वही, सहाशे जीबीच्या पुढे गेलेली आहे. जागा वाचवायची तर जुने ब्लॉक (वहीची पानं) टाकून देणारा नोड 550 एमबीपर्यंतच्या ब्लॉकवर भागवतो, पण फोनवरच्या वॉलेटला उत्तरं देणारा आपलाच इलेक्ट्रम सर्व्हर हवा असेल तर बहुधा पूर्ण साखळी लागते. पहिली उतरवणी मी उघड्या इंटरनेटवरच केली, कारण सगळ्यांचीच वही उतरवून घेत होतो, त्यात माझं असं काही नव्हतं. ती झाल्यावर फक्त टोरवरून बोलायचं अशी अट घातली. सेटिंगच्या फाइलमध्ये एखाद-दोन ओळी लागतात. नोड चालवणाऱ्या बिटकॉइन कोअर या सॉफ्टवेअरला टोरची ओळख जुनी आहे, टोरचे नवे लांब पत्तेही 2021 च्या सुरुवातीपासून चालतात.

टोरशिवाय नोड चालवला तर उतारे घरातच राहतात, पण व्यवहार बाहेर पडताना गडबड होते. नोड व्यवहाराची बातमी शेजारच्या नोडांना सांगतो, ते पुढे. सगळीकडे कान लावून बसलेल्याला पहिला आवाज कुठून आला याचा अंदाज बांधता येतो. यावर डँडेलियन नावाचा उपाय 2017 मध्ये सुचवला गेला: बातमी आधी एकेकाच्या कानात पुढे सरकवायची, आणि मग म्हातारीच्या बियांसारखी फुंकरीनं उडवायची. बिटकॉइन कोअरनं तो घेतला नाही. मोनेरो या दुसऱ्या डिजिटल चलनानं त्याची सुधारलेली आवृत्ती 2020 मध्ये घेतली, आणि मोनेरोत रक्कम आणि पत्तेही झाकलेले असतात. निव्वळ गुप्ततेचाच प्रश्न असता तर हा लेख त्याच्यावर लिहिला असता. पण मला ज्यांना पाठवायचं असतं ते बिटकॉइनच घेतात.

नोडचा त्रास म्हणजे लाईट. पहिला प्रयत्न मी डेस्कटॉपवर केला होता. उन्हाळ्यात वळवाच्या पावसाआधी वारं सुटलं की आमच्याकडे लाईट जाते, तशी गेली. डेटाबेस बिघडला आणि सगळी साखळी पुन्हा तपासण्यात चार दिवस गेले. म्हणून लॅपटॉप: त्याची बॅटरी म्हातारी असली तरी तासभर तग धरते.

पण खडे बाजारचं दुखणं गेलं ते यामुळेच. माझं फोनवरचं वॉलेट आता फक्त घरच्या नोडच्या ओनियन पत्त्याला, म्हणजे टोरमधल्या पत्त्याला, जोडलेलं आहे. तो पत्ता टोरशिवाय उघडतच नाही. ऑर्बॉट (फोनवरचं टोरचं ॲप) सुरू करायला विसरलो तर ठिपका लाल, आणि व्यवहार जात नाही. चिडचिड होते, नाही असं नाही, पण काही गळत नाही.

दोन्ही रस्त्यांनी जे झाकलं जात नाही तेही सांगायला हवं. एक्सचेंजवरून काढलेली नाणी तुमच्या पॅनला बांधलेली असतात. ती आणि इतरांकडून आलेली नाणी एकाच व्यवहारात मिसळली तर टोर काही करू शकत नाही. कोणतं नाणं खर्च करायचं ते वॉलेटमध्ये हातानं निवडायची सवय लावा, उरलेली मोड (सुटे पैसे) कुठल्या पत्त्यावर परत येते तिकडेही लक्ष ठेवा. नफ्यावरचा 30 टक्के कर तर भरायचाच. मी शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून झाकतोय, आयकर खात्यापासून नाही.

शहापूरचे आमचे भावजी सहा महिन्यांत एखादा व्यवहार करतात. त्यांना मी नोड घ्या म्हणालो नाही. फोनवर ऑर्बॉट, दर वेळी नवा पत्ता, त्यांना तेवढं पुरावं. महिन्याला चार-पाच वेळा पाठवत असाल आणि घरात जुना लॅपटॉप धूळ खात असेल, तर मात्र मी एसएसडीचे पैसे घालीन. आमचा लोखंडी कपाटावर बसवलाय. आई धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर टॉवेल घालते आणि तो तापतो, तेवढं मी रोज रात्री जाऊन बघतो.