गाळलेली खडाव: संकटातल्या चिनी धीराचे बारा भाग ऐकून

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सिस्टर म्हणून माझी सव्वीस वर्षं गेली. त्यामुळे ‘अचानक संकट आलं तरी मन शांत कसं ठेवाल’ असं काही दिसलं की मी आधी संशयानेच बघते. ही बारा भागांची श्राव्यमालिका भाचीने फोनवर टाकून दिली. प्राचीन चीनमधल्या माणसांनी बाका प्रसंग आल्यावर डोकं कसं ठिकाणावर ठेवलं, एवढाच विषय. नाइट ड्युटीहून आल्यावर पडल्या पडल्या ऐकली. तीन भागांत झोप लागली, ते पुन्हा ऐकावे लागले.

झोप लागण्यात माझा दोष निम्माच. निवेदकाचा आवाज मधाळ, मागे बासरी, आणि सतत पाण्याची खळखळ. लाखांचं सैन्य चालून येतंय तिथेही तीच खळखळ.

ती लाखांच्या सैन्याची गोष्ट जिन राज्याचा मंत्री शिए आन याची. निवेदक त्याला एका भागात ‘शी’ म्हणतो, दुसऱ्यात ‘झाय’, ते सोडा. इ.स. 383. उत्तरेचा राजा फू च्यान दक्षिणेतल्या जिन राज्यावर निघाला. जुन्या इतिहासात त्याचं पायदळ सहा लाख आणि घोडदळ दोन लाख सत्तर हजार दिलंय, समोर जिनचे जेमतेम ऐंशी हजार. राजधानीचं धाबं दणाणलेलं. आघाडीवर जाणारा पुतण्या शिए श्युआन विचारायला आला, बेत काय? काका म्हणाले, हुकूम वेगळे सुटलेत. पुढे चकार शब्द नाही. मग डोंगरातल्या बंगलीवर जाऊन त्याच पुतण्याशी वेईछीचा, म्हणजे काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा डाव मांडला आणि पैजेला ती बंगलीच लावली. एरवी खेळात पुतण्या वरचढ. त्या दिवशी तो मनातून भेदरलेला होता, हरला.

हे सगळं मालिका झकास सांगते. फेई नदीवरच्या लढाईतून विजयाचं पत्र येतं तेव्हा शिए आन एका पाहुण्याबरोबर पुन्हा पटावर बसलेला असतो. पत्र वाचतो, बाजूला ठेवतो, खेळत राहतो. पाहुण्याला राहवत नाही, तो विचारतो. “पोरांनी शत्रूला हरवलं,” एवढंच उत्तर. बासरी, खळखळ, भाग संपला.

अहो, पण गोष्ट तिथे संपत नाही! भाची चिनी शिकते, तिने सांगितलं म्हणून मला कळलं. पाचव्या शतकातल्या ‘शिशुओ शिन्यू’ या किस्स्यांच्या संग्रहात ती तिथे थांबते आणि मालिकेने तोच पाठ उचललाय. पण 648 साली थांग दरबारात पुऱ्या झालेल्या जिन घराण्याच्या इतिहासात पुढे एक ओळ आहे. डाव संपवून आत जाताना शिए आनने उंबरा ओलांडला, आणि तो मनातून इतका हरखलेला होता की खडावेच्या तळाचा लाकडी दात मोडला तरी त्याला पत्ता लागला नाही. वर इतिहासकाराचा शेरा: लोकांना थोपवून धरण्यासाठी हा मनातलं असं दाबत असे.

ही ओळ गाळणं म्हणजे आमटीतून मीठ काढणं. आमच्या एका भूलतज्ज्ञ मॅडम मला त्या खडावेवरून आठवल्या. पेशंटचं पोट उघडं, आणि लाइट गेले. जनरेटर सुरू होईना. मॅडमनी अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, हातात घेतली आणि, “सिस्टर, टॉर्च इकडे. बीपी हाताने घ्या, आकडा मोठ्याने सांगा,” म्हणाल्या. आवाज असा, की जणू पेन मागतायत. पेशंट सुखरूप बाहेर आला. नंतर पार्किंगमध्ये मॅडम दिसल्या तेव्हा एका पायात स्वतःची चप्पल होती, दुसऱ्यात ओटीतली हिरवी.

नवल म्हणजे सातव्या भागात मालिकेला हे बरोबर उमगलंय. वू राज्याचा मंत्री गू योंग असाच पटावर बसलेला, भोवती माणसं. मुलगा दूर यूचांगला सुभेदार. तिकडून निरोप्या येतो, पण मुलाचं पत्र नसतं. बाप काय ते समजतो. चेहरा हलत नाही, पण मुठीत नखं तळहातात इतकी रुततात की रक्ताने बैठक भिजते. माणसं पांगल्यावर मग तो सुस्कारा सोडतो. या भागात निवेदकानेही बासरी थांबवलीय, आणि शेवटी काही सेकंद नुसती शांतता आहे. पूर्ण मालिकेचे पैसे इथे वसूल.

चौथा भाग मला पटलाच नाही. शियाहोउ श्युआन नावाचा वेई राज्यातला अधिकारी खांबाला टेकून लिहीत होता, वीज पडून तोच खांब फुटला, कपडे होरपळले, तरी तो लिहीतच राहिला. वा वा कसली? उठा की तिथून!

नवव्यात शू राज्याचा मंत्री चुगे ल्यांग याची रिकाम्या गडाची गोष्ट इतिहास म्हणून सांगितलीय: वेशीचे दरवाजे सताड उघडे, हा वर बसून वाद्य छेडतोय, आणि शत्रूचा सेनापती सीमा यी घाबरून माघारी. गोष्ट फक्कड, पण त्या काळात सीमा यी तिकडे नव्हताच, वान शहरात होता. पेई सोंगची या भाष्यकाराने ही चूक इ.स. 429 मध्येच दाखवली होती. ‘असं सांगतात’ हे दोन शब्द टाकायला काय हरकत होती?

आणि अकरावा भाग. ‘महाविद्या’ या कन्फ्यूशियस पंथाच्या ग्रंथातली पायऱ्यांची ओळ घेतलीय: कुठे थांबायचं ते कळलं की मन ठरतं, ठरलं की निवतं, निवलं की स्वस्थ होतं. इथे निवेदक डोळे मिटायला सांगतो आणि श्वास मोजायला लावतो. मूळ ओळीत पुढे आणखी दोन पायऱ्या आहेत, स्वस्थ झाल्यावर विचार करता येतो आणि विचारातून काही हाती लागतं. आम्हाला टॉर्च लावल्यावर त्याच दोन लागल्या होत्या.

घ्यावी का? रोज पळापळीचं काम असेल तर जरूर घ्या, पण चौथा सोडा, आणि सातवा झोपताना ऐकू नका, उठून बसून ऐका. पाचपैकी साडेतीन तारे. बासरी बंद करायचं बटण दिलं तर चार.