हार्डवेअर वॉलेट: पैसे सेफ आहेत, पण खोक्यावरची 'संपूर्ण प्रायव्हसी' कुठंय?

हे वॉलेट, म्हणजे बिटकॉइनची किल्ली (कॉइन खर्च करायचा गुप्त कोड) सांभाळणारं छोटं यंत्र, आठ महिने वापरतोय. घ्यायचं कारण म्हणजे 2022. फेब्रुवारीत कॅनडात ट्रकवाल्यांच्या आंदोलनात सरकारने कोर्टाच्या ऑर्डरशिवाय बँक खाती गोठवायला लावली आणि नोव्हेंबरमध्ये एफटीएक्स हे क्रिप्टो खरेदी-विक्रीचं एक्स्चेंज बुडालं तेव्हा लोकांना स्क्रीनवर बॅलन्स दिसत होता पण काढता येत नव्हता, तेव्हाच ठरवलं की आपल्या कॉइनची किल्ली आपल्याकडेच पाहिजे.

त्या बाबतीत हे एक नंबर आहे. स्क्रीनवर एकेक करून किल्लीचा बॅकअप असलेले 24 शब्द येतात, ते हाताने कागदावर उतरवायचे. मी मुद्दाम एकदा सगळं पुसून टाकलं आणि त्या कागदावरून परत चालू केलं, छातीत धडधडत होतं, पण कॉइन जसेच्या तसे! किल्ली बाहेर जातच नाही, व्यवहाराची डिजिटल सही आतच होते, बटण दाबल्याशिवाय काही हलत नाही.

आता तक्रार. खोक्यावर 'संपूर्ण प्रायव्हसी' छापलंय ते खरं नाही. मी एका मित्राला थोडे बिटकॉइन पाठवले आणि अर्ध्या तासात त्याचा मेसेज, "अरे तुझ्याकडे अजून एवढे आहेत?" त्याने हॅक वगैरे काही केलं नव्हतं, फक्त ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे सगळे बिटकॉइन व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर, तो व्यवहार उघडून बघितला. बिटकॉइनमध्ये मोठी नोट मोडल्यासारखं होतं, जुनी रक्कम पूर्ण खर्च होते, थोडे समोरच्याला जातात आणि उरलेले सुटे तुमच्याच दुसऱ्या पत्त्यावर परत येतात, आणि हे कायमचं सगळ्या जगासमोर उघडं राहतं. मित्राला दिसतं तर सरकारला का नाही दिसणार, एक्स्चेंजवर कॉइन घेताना ओळखपत्र तर मीच दिलंय.

त्याहून जास्त राग याचा आला की कंपनीचं अ‍ॅप उघडलं की तुमची एक्सपब (पत्ते काढायची सार्वजनिक किल्ली, खर्चाची गुप्त किल्ली नव्हे) त्यांच्या सर्व्हरवर जाते. त्या एका ओळीवरून त्या खात्याचे आधीचे आणि पुढचे सगळे पत्ते काढता येतात. पैसे चोरता येत नाहीत, पण हिशोब सगळा कळतो. मॅन्युअलमध्ये याबद्दल एक अक्षर नाही. सपोर्टला विचारलं तर म्हणे त्यांच्या सर्व्हरऐवजी स्वतःचा नोड, म्हणजे बिटकॉइनच्या व्यवहारांची नोंद ठेवणारा आपला कॉम्प्युटर, जोडा, आणि तो ऑप्शन सेटिंगमध्ये कुठेतरी खोल पुरून ठेवलाय. कॉइन कंट्रोल पण तिथेच, म्हणजे कुठली नोट मोडायची ते आपण ठरवायचं. ते आधी माहीत असतं तर मित्राला छोट्या रकमेतून पाठवले असते.

मला काही लपवायचं नाहीये. रोख देताना समोरचा आपलं पाकीट उघडून मोजत नाही ना, तेवढंच इथे हवंय.

पाचपैकी तीन स्टार. कंपनीने ती ओळ खोक्यावरून काढावी आणि नोडचा ऑप्शन पहिल्याच स्क्रीनवर द्यावा. घेणार असाल तर पहिला व्यवहार करायच्या आधी कॉइन कंट्रोल चालू करा.