फेब्रुवारीतले दोन तास: काटेसावरीखाली की तळ्याकाठी?

पुण्यात फेब्रुवारीच्या मध्यावर सूर्य सातच्या सुमारास उगवतो. उद्यानात पक्षी बघायला हाताशी दोनच तास असतील तर ते दोन ठिकाणी वाटू नका. एक जागा धरा.

पहिल्यांदाच जाणाऱ्याने काटेसावर धरावी. या दिवसांत ती फुलते तेव्हा अंगावर पान नसतं, म्हणून पक्षी लपत नाही. लाल पेल्यांतल्या मधासाठी बुलबुल, साळुंकी, भांगपाडी मैना, शिंजीर, हळद्या येतात. कोतवाल मधही पितो आणि फुलांवरचे किडेही टिपतो. पळसमैनांचा थवा उतरला की बाकीच्यांची पांगापांग होते, पण थोडं थांबलात तर ते परततात. बुंध्याशी उभं राहू नका. मान अवघडते आणि आभाळापुढे सगळेच पक्षी काळे दिसतात. २५-३० मीटर लांब, सूर्य पाठीशी घेऊन उभं राहा. दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिमीचं) पुरते. १०×मध्ये दिसणारा भाग अरुंद असल्याने फांदीवरून फांदीवर उडणारा शिंजीर हरवतो. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे परागांनी माखलेलं कपाळ पाहून वेगळीच जात नोंदवणं. आधी चोच आणि शेपटी बघा, रंग नंतर.

तळ्याचं गणित वेगळं. इथे पक्षी बराच वेळ एका जागी असतो, पण लांब असतो. म्हणून १०×४२, आणि स्टँडवरची स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) असेल तर उत्तमच. पूर्वेच्या काठावरून पश्चिमेकडे पाहा, नाहीतर पाण्यावरची तिरीप डोळ्यांत जाते. ऊन तापलं की हवा थरथरते आणि लांबचं बदक धूसर होतं. हिवाळ्याच्या शेवटी इथे एक फायदा असतो: थापट्या बदकाचे नर पूर्ण पिसाऱ्यात असल्याने ओळखायला सोपे, आणि धोबी पक्ष्यांवर विणीचे रंग चढू लागलेले असतात. वारकरी, टिबुकली, हळदी-कुंकू बदक ही हक्काची मंडळी. खरी परीक्षा तुताऱ्यांची, म्हणजे काठावरच्या चिखलात फिरणाऱ्या छोट्या पाणपक्ष्यांची. उडताना पंखाखाली काळपट आणि कमरेवर पांढराशुभ्र पट्टा दिसला तर हिरवी तुतारी. पंखाखाली फिकट, डोळ्यावर ठळक भुवई आणि पाय पिवळसर असतील तर ठिपकेवाली.

एक अडचण मात्र आधीच तपासा. जलपर्णीने पाणी झाकलं असेल, जसं पाषाण तलावावर होत आलंय, तर बदकांना पोहायला मोकळं पाणी उरत नाही. मग तिथे जांभळ्या पाणकोंबड्या, वंचक आणि जलपर्णीवर चालणारे धोबी एवढेच मिळतील. अशा वेळी अनुभवी माणसानेही झाडच निवडावं.

फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस चालणाऱ्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट या जगभरच्या पक्षीगणनेसाठी यादी द्यायची असेल तर किमान १५ मिनिटं एका जागी मोजणी करा. झाडावर ये-जा फार, त्यामुळे तोच बुलबुल चारदा मोजला जातो. एका वेळी जास्तीत जास्त जितके दिसले तेवढाच आकडा लिहा. तळ्यावर हा घोळ कमी, फक्त टिबुकलीवर लक्ष ठेवा: इथे बुडी मारून ती भलतीकडेच वर येते.