स्पेक्ट्रम प्लस: नागपूरचा उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे टीव्हीला जोडून चालणारा ऐंशीच्या दशकातला सिंक्लेअर कंपनीचा घरगुती संगणक, आज घ्यावा का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर 'घ्या' असंच आहे. फक्त घरात व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर नसेल तर आधी तो घ्या. जानेवारीपासून हे यंत्र माझ्या टेबलावर आहे, मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या दुपारीही ते चाललं, आणि या काळात त्याचं चित्र दोनदा गेलं. दोन्ही वेळा टीव्हीवर सारखाच काळा पडदा, कारणं मात्र एकमेकांशी संबंध नसलेली.

यंत्र मामांचं, त्यांनी इंग्लंडहून आणलेलं. आपल्याकडे डेसिबेल्स कंपनीने ऐंशीच्या दशकात परवान्याखाली 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' काढला होता, त्यामुळे जुन्या घरांच्या माळ्यांवर अजूनही एखादा सापडू शकतो. बाहेरची कळफलकाची पेटी १९८४ ची, आतली रचना १९८२ च्या ४८के (४८ किलोबाइट मेमरीच्या) स्पेक्ट्रमचीच. चालू-बंदचं बटण नाही. ॲडॉप्टरची पिन खुपसली की पडदा क्षणभर काळा, मग पांढरा आणि खाली कॉपीराइटची ओळ.

चित्र गेलं की बहुतेकांचा पहिला संशय यूएलए या खास स्पेक्ट्रमसाठी बनवलेल्या चिपवर जातो, कारण चित्र तीच काढते आणि ती मिळवणं म्हणजे डोकेदुखी. माझं मत उलटं आहे. आधी कान लावा. स्पेक्ट्रमची कळ दाबली की आतल्या स्पीकरमधून बारीक टिक येते. ती आली म्हणजे प्रोसेसर, रॉम (कायमची मेमरी) आणि खालची, म्हणजे पहिली १६के मेमरी शाबूत आहे, कारण बेसिक या त्याच्या प्रोग्रामिंग भाषेची सगळी खतावणी याच १६के मध्ये असते. टिक नाही, तर व्हिडिओच्या वाटेला जाऊच नका. आधी व्होल्टेज मोजा.

एप्रिलमध्ये चित्र गेलं तेव्हा टिक नव्हती. खालच्या मेमरीत ४११६ जातीच्या आठ चिप आहेत आणि त्यांचे लाड फार. नुसत्या ५ व्होल्टवर त्या चालत नाहीत, १२ आणि उणे ५ सुद्धा लागतात. मीटरचं काळं टोक ग्राउंडला धरायचं आणि लाल टोक चिपच्या पायांवर: १ ला उणे ५, ८ ला १२, ९ ला ५. पाय इतके जवळ की टोक घसरून दोन पायांना एकदम टेकलं तर धडधाकट चिपही जायची, म्हणून लाल टोकावर स्लीव्ह चढवून जेमतेम अणी उघडी ठेवली. ५ बरोबर आले. उणे ५ चा पत्ता नाही, आणि १२ च्या जागी कसेबसे ९.

ही दोन व्होल्टेजं बोर्डावरची एक छोटी कॉइल आणि टीआर४, टीआर५ हे ट्रान्झिस्टर मिळून तयार करतात. टीआर४ गेला की दोन्ही गेली. रंगीत सिग्नल बनवणारी एलएम१८८९ ही चिपही १२ व्होल्टवरच चालते, म्हणजे एका ट्रान्झिस्टरने मेमरीही नेली आणि चित्रही. अशा वेळी पुन्हापुन्हा चालू करून बघण्याचा मोह आवरा, कारण उणे ५ नसताना ४११६ जळतात. माझी एक तशीच गेली. बोटाने चाचपल्यावर बाकी सात कोमट आणि ही एकटी चटका देणारी, त्यामुळे शोधावी लागली नाही.

टीआर४ म्हणजे झेडटीएक्स ६५०. त्यासाठी बर्डीवरची (सीताबर्डीच्या बाजारातली) दुकानं पालथी घातली. एका काउंटरवरचे काका म्हणाले, "काय शोधून राहिले भाऊ तुम्ही? बीसी ५४७ घेऊन जा ना, चालते." नाही चालत. ५४७ ची झेप १०० मिलिॲम्पिअरची, ६५० दोन ॲम्पिअरचा. शेवटी झेडटीएक्स ६५१ ऑनलाइन मागवला, बदली म्हणून तो चांगला चालतो. टीआर५ ही सोबतच बदलला आणि कॉइल जळलेली नाही ना, ते पाहून घेतलं.

ॲडॉप्टरचीही एक गोष्ट सांगून ठेवतो. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात, पण पिनचा आतला भाग उणे आणि बाहेरचा अधिक. बाजारातले बहुतेक ॲडॉप्टर नेमके याच्या उलट असतात. पिन बसते म्हणून लावू नका.

दुरुस्तीच्या वेळीच ५ व्होल्ट पुरवणारा ७८०५ रेग्युलेटर काढून त्याच मापाचा स्विचिंग प्रकारचा बसवला. ७८०५ हा ९ चे ५ करताना उरलेलं सगळं उष्णतेत घालवतो, आणि नागपुरात मे महिन्यात खोलीच तापलेली असते. कूलर सुरू असला तरी कळफलकाच्या वरचा भाग हात ठेववत नाही इतका गरम व्हायचा. आता तो कोमटही लागत नाही. निळ्या रंगात बारीक लहरी दिसतात, हा नव्या रेग्युलेटरचा प्रताप. मला चालतं. ज्यांना चित्र अगदी स्वच्छ हवं त्यांनी ७८०५ च ठेवून मोठा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा पत्रा) लावावा.

पावसाळ्यात पुन्हा काळा पडदा. या वेळी टिक स्वच्छ ऐकू येत होती. एक्स्टेंड मोड, मग सिम्बॉल शिफ्टसह झेड, १,१० आणि एंटर असं, म्हणजे स्वर वाजवणारी 'बीप' ही आज्ञा, न बघता टाइप केलं, तर सेकंदभर व्यवस्थित स्वर वाजला. यंत्र ठणठणीत, मग बोर्ड उघडायचाच कशाला? चित्र अँटेनाच्या सिग्नलसारखं करणारा मूळ मॉड्युलेटर यूएचएफ चॅनेल ३६ वर सिग्नल देतो, पण मी तो वगळून सरळ कॉम्पोझिट (एकाच वायरचा व्हिडिओ सिग्नल) काढलेलं आहे. तीच वायर जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला लावली आणि चित्र हजर. दोषी निघाला नव्या टीव्हीसाठी मध्ये लावलेला एचडीएमआय कन्व्हर्टर. स्पेक्ट्रम ३१२ ओळींची, इंटरलेस नसलेली (एकाआड एक ओळी न गुंफलेली) फ्रेम पाठवतो आणि वेगही सेकंदाला ५० पेक्षा किंचित जास्त. ट्यूबच्या टीव्हीला याचं काही वाटत नाही. हा स्वस्त कन्व्हर्टर मात्र तापला की सिंक, म्हणजे चित्राशी जुळलेला ताल, सोडायचा. कन्व्हर्टर घेताना दुकानात स्वतःचं यंत्र नेऊन अर्धा तास चालवून बघा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या.

सध्या चित्र उत्तम आहे. त्रास आहे तो कळफलकाखालच्या मेम्ब्रेनचा, म्हणजे कळांचे संपर्क छापलेल्या प्लॅस्टिकच्या पातळ पडद्याचा. तिची पट्टी वयाने कडक होऊन तडकते, आणि एक रेघ तुटली की पाच कळा एकदम जातात. माझ्या वाय, यू, आय, ओ, पी अधूनमधून दांडी मारतात, आणि पी गेली की 'प्रिंट' गेला, कारण स्पेक्ट्रमवर ही आज्ञा त्याच कळेवर आहे. नवी मेम्ब्रेन मागवली आहे, अजून यायची आहे.