मोठ्या व्हेपच्या नावाखाली लॅपटॉपचा जुना सेल गळ्यात मारला

दीड वर्ष मी पेनसारखा साधा व्हेप, म्हणजे ई-सिगरेट, वापरत होतो. सिगरेट सोडायची म्हणून घेतला होता आणि खरंच सुटली होती सिगरेट. फक्त चार्जिंग दुपारपर्यंत संपायचं, कॉइल, म्हणजे लिक्विड तापवणारी तार, सारखी जळकी चव द्यायला लागायची, त्यामुळे आता जरा मोठं काहीतरी घेऊ असं डोक्यात बसलं. ऑनलाइन शोधताना एक विकणारा सापडला आणि तिथेच मी फसलो. हे सगळं सविस्तर लिहितोय कारण पैसे गेले ते गेलेच, पण ज्या वस्तूसाठी गेले ती माझ्या तोंडासमोर फुटली असती.

माणूस फोनवर अर्धा तास बोलला. आधी काय वापरता, कॉइल किती ओहमची, दिवसाला लिक्विड किती लागतं, सगळं आपुलकीने विचारलं. मी सांगितलं १.२ ओहमची कॉइल आहे, पण त्या आकड्याचा अर्थ मला माहीत नव्हता आणि ते त्याला दोन मिनिटांत कळलं असणार. इतकी चौकशी करणारा माणूस फसवेल असं मनातसुद्धा आलं नाही. आता वाटतं की मला किती कळतं तेवढंच तो तपासत होता.

मग त्याने मेकॅनिकल मॉडचा पूर्ण किट सुचवला, मॉड म्हणजे सुटा सेल घालून चालवायचा मोठा व्हेप. म्हणाला, "ह्यात चिप नाही, स्क्रीन नाही, बिघडायला काही नाहीच, आयुष्यभर चालेल, अनुभवी लोक हेच वापरतात." चिप नाही ही गोष्ट त्याने गुण म्हणून विकली. चिपवाला मॉड कॉइलचा रेझिस्टन्स, म्हणजे तेच ओहम, आधी मोजतो, शॉर्ट असेल तर करंट बंद करतो. मेकॅनिकलमध्ये बटण दाबलं की सेल थेट कॉइलला जोडला जातो, मधे वाचवणारं कोणीच नाही. पेनवरून येणाऱ्या माणसाला ही वस्तू द्यायचीच नसते हो, आणि हे त्याला माहीत नव्हतं असं मी मानायला तयार नाही.

साइटवरून पैसे न भरता थेट खात्यात टाकले तर बरीच सूट देतो म्हणाला, मी टाकले. त्यामुळे नंतर साइटकडे तक्रार करायचीही सोय राहिली नाही.

बॉक्स आला तो एकदम चकाचक, सील, होलोग्राम, खरवडायचा कोड. क्यूआर स्कॅन केला तर पान उघडलं, अस्सल आहे, अभिनंदन वगैरे. मी खूश. तो क्यूआर कंपनीच्या साइटवर जातच नव्हता, तशीच दिसणारी दुसरी साइट होती. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून तिथे कोड घातला तेव्हा असा कोडच नाही असं आलं, पण ही अक्कल आठ दिवसांनी आली.

सोबत १८६५० मापाचे दोन जांभळे सेल, त्यावर ९८०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो) आणि ४० अँप (किती करंट देऊ शकतो) छापलेलं. मला वाटलं मोठा आकडा म्हणजे चांगला सेल. १८६५० म्हणजे १८ मिमी जाडी आणि ६५ मिमी लांबी, एवढ्याशा नळीत ९८०० मावतच नाही. नावाजलेले सेल फार तर ३५०० च्या आसपास असतात, आणि त्यातले जे खरोखर २०-२५ अँप देतात ते साधारण २५०० ते ३००० चे असतात. वर त्याने बसवून दिलेली कॉइल ०.१२ ओहमची. गणित अगदी सोपं आहे, ४.२ व्होल्ट भागिले ०.१२ म्हणजे ३५ अँप. माझ्या जुन्या पेनमध्ये हेच साडेतीन अँपच्या आसपास होतं. म्हणजे सरळ दहा पट.

लिक्विड पण त्याचंच, ३५ एमजीचं निकोटिन सॉल्ट, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ३५ मिलिग्रॅम निकोटिन. ते छोट्या पॉडमध्ये, म्हणजे कमी वाफेच्या लहान व्हेपमध्ये, हळू ओढायचं असतं, अशा मोठ्या वाफेच्या मॉडमध्ये लोक ३ किंवा ६ एमजी टाकतात. दुसऱ्याच पफला डोकं गरगरलं, घाम फुटला, मळमळ सुरू झाली, मला वाटलं सवय नाही म्हणून होतंय. तिसऱ्याला बटण इतकं तापलं की बोटाला चटका बसला, हातातून मॉड फरशीवर पडला आणि त्या धक्क्यात बटण सुटलं. ते दाबलेलंच राहिलं असतं तर काय झालं असतं ह्याचा विचार आजही नको वाटतो, मुलगी त्याच खोलीत झोपली होती. सेल बाहेर काढला तर त्याचं प्लास्टिक आकसून फाटलेलं. सेलची अख्खी बाहेरची नळी निगेटिव्ह असते, त्यामुळे फाटलेलं प्लास्टिक म्हणजे कुठेही शॉर्ट. मॉडच्या बुडाला सेल बिघडला तर त्याचा गॅस बाहेर जायला भोकं असतात, ह्याची भोकं आरपार नव्हतीच, नुसत्या खुणा कोरलेल्या.

ओळखीचा एक जण बॅटऱ्यांचं काम करतो, त्याच्याकडे नेलं. त्याने जांभळं प्लास्टिक सोललं तर खाली दुसरं प्लास्टिक आणि दोन्ही टोकांना स्पॉट वेल्डिंगच्या खुणा. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून उपटलेला सेल, जेमतेम पाच अँपचा, कपॅसिटी मोजली तर ११०० च्या आत. माझं तर डोकंच सुन्न झालं.

त्या रात्री अमेरिकेच्या फायर विभागाचा २०१७ चा रिपोर्ट वाचला, २००९ ते २०१६ मध्ये ई-सिगरेटच्या आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना, १३३ माणसं जखमी. झोप लागली नाही.

विकणाऱ्याला सोललेल्या सेलचे फोटो पाठवले. आधी म्हणाला तुम्ही चुकीचा वापर केला, मग म्हणाला स्वखर्चाने परत पाठवा, मग कुठे पाठवू विचारलं तर ब्लॉक. मी सायबर तक्रार केली आहे, पैसे पाठवल्याच्या पावत्या आणि चॅट जोडलेत, अजून उत्तर नाही.

कोणी पेनवरून पुढे जाणार असाल तर चिपवालाच घ्या, सेल वेगळे, खात्रीच्या बॅटरी विक्रेत्याकडून घ्या, सुटा सेल चाव्या-नाण्यांबरोबर खिशात टाकू नका. आणि ज्याला सिगरेट सुटून पेन पुरतोय त्याने तो सोडण्याकडे बघावं, मी तेच करतोय आता.

परवा तोच किट पुन्हा दिसला, विकणाऱ्याचं नाव वेगळं, फोटो मला पाठवलेलेच, तेच जांभळे सेल, तेच ९८००. वर लिहिलंय, "पहिल्यांदा अपग्रेड करणाऱ्यांसाठी खास."