बॅडमिंटन, बर्ली, लुहम्यूलन की आपली राष्ट्रीय स्पर्धा? सोलापूरच्या हौशी स्वारासाठी इव्हेंटिंगची तुलना

सोलापूर जिल्ह्याला घोडा नवा नाही. अकलूजच्या घोडेबाजारात मारवाडी आणि काठेवाडी जनावर पारखणारी जाणती माणसं आहेत, आणि माउलींच्या अश्वाचं रिंगण पाहायला माळशिरस तालुका लोटतो. पण ही नजर रेवाल चाल, अंगकाठी आणि भोवरे पाहण्यात तयार झालेली असते. इव्हेंटिंगमध्ये एकाच घोड्याकडून ड्रेसाज (रिंगणात शिस्तीत ठरलेल्या चाली), क्रॉसकंट्री (मोकळ्या रानात पक्क्या अडथळ्यांवरून दौड) आणि शो जंपिंग (पडू शकणाऱ्या खांबांवरून उड्या) अशा तीन वेगळ्या गोष्टी मागितल्या जातात. ते कळायला एकदा तरी मैदानाच्या दोरीला लागून उभं राहावं लागतं. ती दोरी कुठली असावी, एवढंच इथे पाहायचं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. पहिली स्पर्धा भारतातलीच पाहा. परदेशी एकदाच जाणं शक्य असेल आणि गाडी चालवायची नसेल तर इंग्लंडमधलं बर्ली. स्वतःची स्वारी सुधारण्यासाठी जात असाल तर जर्मनीतलं लुहम्यूलन. इंग्लंडमधल्याच बॅडमिंटनचं (हे जागेचं नाव, शटलचा खेळ नव्हे) नाव सर्वांत मोठं असलं, तरी पहिल्या खेपेला ते तिसऱ्या क्रमांकावर ठेवा. आणि कुठेही गेलात तरी क्रॉसकंट्रीच्या आदल्या दिवशी तिथे पोहोचा. फक्त शनिवारचं तिकीट काढणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण शिकण्याजोगं निम्मं काम शुक्रवारी होतं.

उंचीच्या आकड्यांनी फसू नका

स्पर्धेची पातळी स्टारमध्ये मोजतात. सुरुवातीच्या एका स्टारला क्रॉसकंट्रीचा पक्का अडथळा जास्तीत जास्त १.०५ मीटर असतो, दोन स्टारला १.१० आणि सर्वोच्च पाच स्टारला १.२०. म्हणजे पायथा आणि शिखर यांत जेमतेम १५ सेंटिमीटर. वाढतात ते बाकीचे प्रश्न. एका स्टारला मिनिटाला ५०० मीटर वेग लागतो, पाच स्टारला ५७०, आणि तोही साडेसहा किलोमीटरच्या आसपास, सव्वाअकरा-साडेअकरा मिनिटं टिकवून. त्यात अरुंद अडथळे येतात, कोपरे तिरके घ्यावे लागतात, उडी संपते तिथे उतार सुरू होतो आणि पाण्यातून बाहेर पडताच पुढचा अडथळा समोर असतो. ८०-९० सेंटिमीटरवर उडी घेणाऱ्या स्वाराला पाच स्टारचा अडथळा उंचीमुळे भयंकर वाटतो, पण घोडा अडतो तो बहुतेक वेळा चुकलेल्या रेषेमुळे किंवा सुटलेल्या लयीमुळे. हे डोळ्यांनी पाहायला जायचं आहे.

गुणांचा हिशोब येत असेल तर पाहण्यात दुप्पट रस वाटतो. ड्रेसाजमध्ये ७० टक्के मिळाले की ३० दंडगुण घेऊन पुढे जायचं. क्रॉसकंट्रीत घोडा पहिल्यांदा अडला की २०, त्याच अडथळ्यावर दुसऱ्यांदा अडला की ४०, आणि घोडा किंवा स्वार पडला की बाद. ठरलेल्या वेळेपेक्षा उशिराच्या प्रत्येक सेकंदाला ०.४. शो जंपिंगमध्ये पडलेल्या प्रत्येक खांबाला ४. आता ताडून पाहा: ३० सेकंद उशीर म्हणजे १२ दंडगुण, म्हणजे तीन खांब. म्हणूनच एखादा स्वार लांबचा सोपा मार्ग घेतो तेव्हा त्याला भित्रा म्हणू नये. घोडा दमलेला असताना १० सेकंद देऊन २० दंडगुण वाचवणं हा शहाणपणाचा सौदा असतो.

भारतातली राष्ट्रीय स्पर्धा

आपल्याकडे हा खेळ लष्कराने वाढवला. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत रघुबीर सिंग यांनी वैयक्तिक सुवर्ण जिंकलं आणि सांघिक सुवर्णही भारताचंच होतं. २०१८ मध्ये जकार्तात फवाद मिर्झा यांनी वैयक्तिक रौप्य मिळवलं, संघालाही रौप्य मिळालं. पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये फवाद २३वे आले. लष्करी वारशामुळे दिल्ली, मेरठ ही ठिकाणं पुढे आली. नागरी बाजूला बंगळुरूजवळचं एम्बसी रायडिंग स्कूल आहे. स्पर्धा कुठे आणि कधी, हे भारतीय अश्वारोहण महासंघाच्या वेळापत्रकात पाहावं लागतं, आणि तारखा सरकतात. त्यामुळे रद्द करता येईल अशीच खोली घ्या.

सोलापूरकरांची सोय इथे चांगली आहे. बंगळुरूला उद्यान एक्सप्रेस जाते, आणि कर्नाटक एक्सप्रेस बंगळुरू व दिल्ली दोन्हीकडे सोलापूरवरूनच जाते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. छावणीच्या हद्दीतलं मैदान असेल तर मूळ ओळखपत्र जवळ ठेवा आणि फोटो काढण्याआधी विचारा.

मोठा फायदा म्हणजे जवळीक. गर्दी कमी असते, वॉर्म-अपचं मैदान हाकेच्या अंतरावर असतं, आणि स्वार मोकळा असेल तेव्हा प्रश्न विचारला तर उत्तर मिळतं. आयोजकांना आधी कळवून अडथळ्यावरच्या पंचांसोबत मदतनीस म्हणून उभं राहायची परवानगी मागा. एका अडथळ्यावर पंधरा-वीस घोडे जवळून पाहिले की टेक-ऑफ कुठून चुकतो हे न सांगता कळतं. उणी बाजूही आहे: समालोचन थोडं, मोठा पडदा नसतो, आणि मैदानावर खाण्यापिण्याची खात्री नाही. पाणी, टोपी, डबा बरोबर हवाच.

बॅडमिंटन आणि बर्ली

दोन्ही इंग्लंडमधल्या, दोन्ही पाच स्टारच्या, दोन्ही जुन्या जहागिरीच्या आवारात. बॅडमिंटन १९४९ पासून ग्लॉस्टरशरमध्ये मे महिन्यात, बर्ली १९६१ पासून स्टॅमफर्ड गावाजवळ सप्टेंबरच्या सुरुवातीला. फरक आहे तो जमिनीत, हवेत आणि पोहोचण्यात.

बर्लीची जमीन चढउतारांची. घोड्याचा दम कसा राखायचा हे तिथे दिसतं: चढावर स्वार किती पुढे झुकतो, उतरताना घोड्याला कसं मागच्या पायांवर बसवतो, शेवटच्या तीन मिनिटांत काय सोडून देतो. लीफ पिटची उतरण, ट्राउट हॅचरीचं पाणी आणि कॉट्समोर लीपचा प्रचंड खंदक या जागा ठरवून पाहा. बॅडमिंटनचं आवार त्यामानाने सपाट. तिथलं लेक आणि व्हिकरेज व्ही हे अडथळे जगभर प्रसिद्ध, म्हणूनच तिथे माणसांच्या पाठी जास्त आणि घोडे कमी दिसतात.

हवामानात बॅडमिंटन बेभरवशाचं. २०१२ ची स्पर्धा पाणी साचल्यामुळे रद्द झाली होती. सोलापुरात पारा चाळिशीपार असताना तिथे गारठा आणि चिखल असू शकतो. गमबूट, रेनकोट आणि आतून गरम कपडे घ्या. स्वारीचे बूट दिवसभर चालायला निरुपयोगी, टाच सोलवटते.

पोहोचण्यात तर बर्ली सरळ जिंकतं. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून पीटरबरो, तिथून गाडी बदलून स्टॅमफर्ड, आणि स्टेशनपासून साधारण दीड किलोमीटर पायी. बॅडमिंटनला पॅडिंग्टनहून चिपनम किंवा ब्रिस्टल पार्कवेपर्यंत रेल्वे, पुढे १५ ते २० किलोमीटर टॅक्सी, आणि त्या दिवशी ती आधी ठरवली नसेल तर मिळेलच असं नाही. गाडी चालवणार असाल तर तिथेही आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवायचं असतं, हा मोठा दिलासा.

तिकीट घेताना एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही: आवारात प्रवेशाचं तिकीट आणि ड्रेसाज-जंपिंगच्या रिंगणातली राखीव खुर्ची यांचे पैसे वेगवेगळे असतात. हौशी स्वाराने खुर्चीवर फार खर्च करू नये. ते पैसे शुक्रवारच्या प्रवेशासाठी ठेवा.

लुहम्यूलन

हॅम्बुर्गच्या दक्षिणेला, ल्युनेबुर्गजवळ, जून महिन्यात. जमीन वाळूमिश्रित असल्याने पाऊस पडला तरी पाणी लवकर जिरतं. कोर्स सपाट आणि झाडीतून आतबाहेर करणारा, त्यामुळे उजेडातून सावलीत शिरताना घोडा कसा कचरतो हे नीट पाहता येतं. पाच स्टारसोबत त्याच आवारात चार स्टारची छोट्या पल्ल्याची स्पर्धाही असते. तिची क्रॉसकंट्री सहा-सात मिनिटांची, वेग तोच. एकाच जागी दोन पातळ्या पाहायला मिळणं ही शिकणाऱ्याची चैन आहे. सपाट जमिनीवर दम राखण्यापेक्षा लय आणि रेषा जास्त उघड्या पडतात, आणि हौशी स्वाराला नेमकं तेच हवं असतं.

भारतातून थेट युरोपात घोडा नेण्यावर रोगनियंत्रणाचे कडक निर्बंध आहेत. म्हणून फवाद यांनी जर्मनीत राहून, तिथल्याच घोड्यांवर तयारी केली. २०२५ मध्ये मेरठच्या आरव्हीसी (लष्कराचं घोडे व पशुवैद्यकीय दल) केंद्रातल्या रोगमुक्त विभागाला जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, ही आशेची बातमी आहे.

अडचण प्रवासाची. ल्युनेबुर्गपर्यंत रेल्वे सोपी, पुढचे १५ ते २० किलोमीटर गाडीशिवाय अवघड, आणि तिथे उजव्या बाजूने चालवावं लागतं. इंग्रजी समालोचनाची खात्री धरू नका.

अमेरिकेतली केंटकीची स्पर्धा सुंदर आहे, पण व्हिसाच्या मुलाखतीची तारीख स्पर्धेआधी मिळेल या भरवशावर बेत आखू नये.

व्हिसा

ब्रिटनसाठी प्रवासाच्या तीन महिन्यांहून आधी अर्ज करता येत नाही, निर्णयाला साधारण तीन आठवडे धरा. जर्मनीला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज चालतो, शुल्क ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. बोटांचे ठसे पुण्यात देता येतात, म्हणजे हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी निघून रात्री परत. एका व्हिसावर दोन्ही देश होत नाहीत. पर्यटक व्हिसावर पागेत मोतद्दाराचं काम, बिनपगारी का असेना, करायच्या फंदात पडू नका.

शुक्रवार आणि शनिवार कसे घालवाल

शुक्रवारी कोर्स पायी चाला. नीट पाहत गेलात तर तीन तास लागतात. लाल झेंडी उजवीकडे, पांढरी डावीकडे. घोड्याची कँटरची (मध्यम दौडीची) एक टाप साधारण १२ फुटांची. आपली तीन फुटांची चार पावलं म्हणजे ती एक टाप. दोन अडथळ्यांत उतरण्याचे सहा आणि उडी घेण्याचे सहा फूट धरले की २४ फुटांत एक टाप बसते, ३६ फुटांत दोन. दोरीबाहेरून मोजा आणि दुसऱ्या दिवशी कोण तीन टापा घालतो ते टिपा.

शनिवारी एकाच प्रसिद्ध जागी दिवस काढू नका. पहिले दहा घोडे अशा जोड-अडथळ्यावर पाहा जिथे सरळ आणि लांबचा असे दोन्ही मार्ग दिसतात. मग तासभर वॉर्म-अपवर. शेवटचे घोडे शेवटून तिसऱ्या-चौथ्या अडथळ्यावर, कारण दमलेला घोडा आणि स्वाराचा हात तिथे खरं बोलतात. नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, गर्दीत इंटरनेट दगा देतं. रविवारी सकाळची घोड्यांची तपासणी चुकवू नका: शनिवारच्या धावेनंतर दुडकीत कोण लंगडतो, ते तिथे ठरतं.

खाण्याला कडक भाकरी आणि शेंगा चटणी उत्तम. पेढे, तूप मात्र नको, दुग्धजन्य पदार्थ त्या देशांत नेऊ देत नाहीत. पागेत वापरलेले बूट नेणार असाल तर घासून, जंतुनाशकाने धुऊन, पूर्ण वाळवून न्या.

यंदा जाणं जमणारच नसेल तर बॅडमिंटन आणि बर्लीची स्वतःची सशुल्क वाहिनी आहे, लुहम्यूलन क्लिपमायहॉर्स या इंटरनेट वाहिनीवर दिसतं. आपली घड्याळं उन्हाळ्यात इंग्लंडच्या साडेचार आणि जर्मनीच्या साडेतीन तास पुढे असतात, म्हणजे क्रॉसकंट्री आपल्याकडे दुपार ते संध्याकाळ. पडद्यावर उतार आणि अंतर सपाट दिसतात, पण एकाच अडथळ्यावर वीस स्वारांच्या रेषा पुन्हा पुन्हा पाहायच्या असतील तर पडदाच बरा.