रिचर्ड थॉम्पसनचा 'अकूस्टिक क्लासिक्स': गिटारवाल्यांनी डोळे मिटून घ्यावा, बाकीच्यांनी जरा थांबून

मुरलेल्या गायकाने आपलीच जुनी गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली की बहुतेकदा पदरी निराशाच येते. ब्रिटिश गायक-गिटारवादक रिचर्ड थॉम्पसनचा २०१४ सालचा हा अल्बम त्यातून बराचसा सुटला आहे. चौदा गाणी, थॉम्पसनचा आवाज आणि गिटार, मागे बँड नाही. त्यामुळे हाताखाली नेमकं काय चाललंय ते उघडं पडतं, आणि पैसे वसूल होतात ते तिथेच.

सगळ्यात मोठी मेजवानी म्हणजे '१९५२ व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग'. दोन गिटार वाजताहेत असं वाटतं, पण आहे एकच. अंगठा आणि तर्जनीत धरलेलं पिक (तार छेडायची चकती) खालच्या सुरांच्या जाड तारांवर बास चालवत राहतं, तर मधलं बोट आणि अनामिका वरच्या सुरांच्या बारीक तारांवर सूर काढतात. ट्यूनिंग सी-जी-डी-जी-बी-ई, कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबणारा चिमटा) तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या तिसऱ्या धातूच्या पट्टीपाशी. म्हणजे सहावी, सगळ्यात जाड तार नेहमीच्या सुरापेक्षा चार सेमीटोन (अर्धस्वर) उतरवायची, पाचवी दोन; बाकीच्या जागच्या जागी. कॅपो लावण्याआधी सहाव्या तारेचा सातव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने निघणारा सूर) आणि पाचवीचा बाराव्यावरचा, दोन्ही मोकळ्या तिसऱ्या तारेशी जुळले पाहिजेत. बारीक गेजच्या (जाडीच्या) तारांच्या सेटवर सहावी तार इतकी सैल पडते की फ्रेटवर खडखडते; त्यात कॅपो घट्ट आवळला तर ती चढी बोलते. जाड तार घ्या, कॅपो फ्रेटला अगदी लागून बसवा, मग पुन्हा एकदा सूर तपासा. आणि वेगाच्या मागे लागू नका: बास डळमळला की गाणं संपलंच.

गाण्याची घडणही पाहण्यासारखी. लाल केसांची मुलगी, दरोडेखोर प्रियकर, मरताना दिलेली भेट, हा सगळा जुन्या ब्रिटिश बॅलडचा, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या लोकगीताचा, ऐवज. फक्त घोड्याच्या जागी शीर्षकातली मोटरसायकल आहे. ते उगाच आलेलं नाही. १९६७ मध्ये सुरू झालेल्या फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या ब्रिटिश फोक-रॉक बँडमध्ये हा माणूस होता, आणि १९६९ च्या 'लीज अँड लीफ' या अल्बममध्ये त्यांनी असेच शेकडो वर्षांचे बॅलड इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्सवर चढवले. त्याआधीचे संस्कार घरातले: स्कॉटिश वडील, त्यांच्याकडच्या जँगो राइनहार्ट आणि लेस पॉल या गिटारवादकांच्या तबकड्या. म्हणूनच त्याच्या वाजवण्यात अमेरिकन ब्लूज कमी आणि बॅगपाइपचा अखंड धरलेला सूर जास्त सापडतो.

आता उणी बाजू. 'वॉकिंग ऑन अ वायर', 'डिमिंग ऑफ द डे', 'डाउन व्हेअर द ड्रंकर्ड्स रोल' आणि 'ब्राइट लाइट्स' ही मुळात त्याची तेव्हाची पत्नी लिंडा थॉम्पसनने गायलेली. तिचा आवाज थंड, सरळ, आणि त्यामुळेच जास्त बोचणारा. इथे रिचर्ड तीच गाणी भरदार गळ्याने रेटतो. 'डिमिंग'मध्ये ते निभावतं, 'वॉकिंग'मध्ये नाही. 'शूट आउट द लाइट्स'ची अडचण वेगळी: मूळ इलेक्ट्रिक सोलोत खेचलेल्या आणि लांबवलेल्या सुरांचं जे विष होतं, ते अकूस्टिकवर टिकत नाही, कारण सूर लवकर विझतो. तो ती पोकळी झपाट्याने भरतो खरा, पण धाक कमी होतो. 'बीजविंग' मात्र असंच हवं होतं, हे माझं ठाम मत.

त्यामुळे थॉम्पसन पहिल्यांदाच ऐकणाऱ्याने इथून सुरुवात करू नये. १९७४ चा 'आय वाँट टू सी द ब्राइट लाइट्स टुनाइट' आणि १९८२ चा 'शूट आउट द लाइट्स' हे दोन आधी ऐका, मग हा. फेअरपोर्टच्या दिवसांतलं इथे एकही गाणं नाही. 'जेनेसिस हॉल' आणि 'मीट ऑन द लेज' हवी असतील तर याच अल्बमचा २०१७ चा दुसरा भाग घ्यावा लागेल.